इक्वेडोरमधील हमिंगबर्ड निरीक्षण व छायाचित्रण

इक्वेडोरमधील हमिंगबर्ड निरीक्षण व छायाचित्रण हा दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर या देशात रुजलेला पक्षीपर्यटनाचा एक प्रकार आहे. ट्रॉकिलिडी कुळातील हमिंगबर्ड हे पक्षी केवळ उत्तर व दक्षिण अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर आढळतात. त्यांच्या सुमारे ३६० ज्ञात जातींपैकी १३० च्या आसपास जातींची नोंद एकट्या इक्वेडोरमध्ये झाली आहे. क्षेत्रफळाने हा देश (सुमारे २,८३,५६१ चौ. किमी) महाराष्ट्रापेक्षा (सुमारे ३,०७,७१३ चौ. किमी) काहीसा लहान आहे. जातींच्या एकूण संख्येत शेजारचा कोलंबिया इक्वेडोरच्या पुढे असला, तरी एकाच राजधानीतून निघून काही दिवसांत अनेक उंचींवरील हमिंगबर्ड पाहता येणे, ही सोय इक्वेडोरला विशेष लाभली आहे.

हे पर्यटन मुख्यत्वे दोन साधनांवर उभे आहे : साखरपाण्याचा फीडर आणि कॅमेरा. या दोहोंमुळे जंगल तोडण्यापेक्षा राखण्यात लाभ आहे, असे अनेक जमीनमालकांच्या प्रत्ययास आले. दुसरीकडे, पक्ष्याजवळ जाण्याच्या या सोयीमुळे त्याला उपद्रव होण्याची शक्यताही वाढली. त्यामुळे निरीक्षणाच्या व छायाचित्रणाच्या तंत्राइतकेच त्यातील नीतिनियमांना महत्त्व आले आहे.

नाव व ओळख

हमिंगबर्ड हे इंग्रजी नाव पंखांच्या वेगवान हालचालीतून निर्माण होणाऱ्या गुंजारवावरून पडले आहे. मराठीत या पक्ष्याला 'गुंजन पक्षी' असेही म्हटले जाते; परंतु व्यवहारात हमिंगबर्ड हाच शब्द रूढ आहे. स्पॅनिश भाषेत त्याला 'कोलिब्री' म्हणतात. इक्वेडोरच्या पर्वतीय भागात किचवा भाषेतून आलेला 'किंदे' हा शब्दही प्रचारात आहे.

भारतात हमिंगबर्डची एकही जात आढळत नाही. महाराष्ट्रात जास्वंदीच्या किंवा पांगाऱ्याच्या फुलांभोवती दिसणाऱ्या शिंजीर पक्ष्याला पुष्कळदा हमिंगबर्ड समजले जाते. मात्र शिंजीर हा नेक्टारिनिडी या वेगळ्या कुळातील पक्षी आहे. तो बहुधा डहाळीवर किंवा देठावर बसून मध पितो आणि हवेत तरंगलाच तर अल्पकाळ तरंगतो. लांब चोच, चमकदार पिसे आणि फुलांतील मधावर उपजीविका ही दोहोंतील साम्ये समान आहारामुळे स्वतंत्रपणे विकसित झाली असून अभिसारी उत्क्रांतीचे ते एक परिचित उदाहरण आहे. फुलांसमोर तरंगणारा 'हमिंगबर्ड हॉकमॉथ' हा तर पक्षी नसून पतंग आहे.

पार्श्वभूमी

युरोपातील अभ्यासकांचा हमिंगबर्डशी परिचय दीर्घकाळ मृत पक्ष्यांच्या कातड्यांतूनच होत होता. ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४९ ते १८६१ या काळात या कुळावरील पाच खंडांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात हाताने रंगवलेली ३६० शिळामुद्रित चित्रे होती. पिसांची धातूसारखी चमक कागदावर उतरावी, म्हणून काही चित्रांत सोन्याच्या वर्खाचा उपयोग करण्यात आला. १८५१ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात गूल्ड यांनी आपल्या संग्रहातील पेंढा भरलेल्या हमिंगबर्डचे प्रदर्शन मांडले आणि ७५,००० हून अधिक लोकांनी ते पाहिले. तोपर्यंत गूल्ड यांनी स्वतः एकही जिवंत हमिंगबर्ड पाहिलेला नव्हता. तो योग त्यांना १८५७ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात आला.

याच शतकात स्त्रियांच्या टोप्या व दागिने सजवण्यासाठी हमिंगबर्डच्या कातड्यांचा मोठा व्यापार चालत असे. कोलंबिया व इक्वेडोरमधून ही कातडी युरोपच्या बाजारात जात. त्यांवर पक्षी नेमका कोठे मारला याची नोंद बहुधा नसे. त्यामुळे काही जातींचे मूळ स्थान ठरवणे अभ्यासकांना पुढे कठीण गेले. आज हमिंगबर्ड कुळाचा समावेश वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या 'साइट्स' कराराच्या परिशिष्टांत आहे.

उडणारा हमिंगबर्ड चित्रबद्ध करणे विसाव्या शतकात शक्य झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अभियंते हॅरल्ड एजर्टन यांनी विद्युत्-झोताच्या अत्यल्पकालीन प्रकाशात पंखांची हालचाल गोठवून दाखवली. ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी छंद म्हणून अमेरिका खंडांत हिंडून हमिंगबर्डची रंगीत छायाचित्रे काढली. 'हमिंगबर्ड्स' हा त्यांचा ग्रंथ १९६० मध्ये प्रकाशित झाला. पक्ष्याला न मारता त्याचा बारकाईने अभ्यास करता येतो, हे या छायाचित्रांनी दाखवून दिले. अनेक फ्लॅश वापरण्याची आजची पद्धत याच परंपरेतील आहे.

जातींच्या वैविध्याची कारणे

अँडीज पर्वताच्या दोन समांतर रांगा इक्वेडोरमधून दक्षिणोत्तर जातात. पश्चिमेस पॅसिफिक किनाऱ्यालगतचे मैदान आणि पूर्वेस ॲमेझॉनचे खोरे आहे. पर्वताच्या दोन्ही उतारांवर समुद्राकडून व ॲमेझॉनकडून येणारे बाष्प अडते आणि तेथे वर्षभर धुक्याने वेढलेली मेघवने निर्माण होतात. उंची बदलते तशी फुलझाडे बदलतात आणि फुलांबरोबर त्यांवर अवलंबून असलेले हमिंगबर्डही बदलतात. पर्वतरांगेमुळे दोन्ही उतारांवरील पक्ष्यांचा संपर्क तुटल्याने जवळच्या नात्यातील जाती दोन बाजूंना वेगळ्या झाल्या. उदाहरणार्थ, पश्चिम उतारावर जांभळ्या शेपटीचा व्हायोलेट-टेल्ड सिल्फ, तर पूर्व उतारावर त्याचा आप्त लाँग-टेल्ड सिल्फ दिसतो.

चोच आणि फूल यांच्या परस्परसंबंधाचे ठळक उदाहरण म्हणजे सोर्ड-बिल्ड हमिंगबर्ड (एन्सिफेरा एन्सिफेरा). त्याची चोच शेपटी वगळता उरलेल्या शरीरापेक्षा लांब असते. कृष्णकमळाच्या गोत्रातील पॅसिफ्लोरा मिक्स्टा या वेलीच्या लांब नळीसारख्या फुलांतील मध तो पितो व त्यांचे परागीभवन करतो. या चोचीने स्वतःची पिसे साफ करता येत नसल्याने तो त्यासाठी पायांचाच उपयोग करतो.

इक्वेडोरच्याच मालकीच्या गालापागोस बेटांवर मात्र हमिंगबर्ड आढळत नाहीत. केवळ बेटांची सहल करणाऱ्या प्रवाशाला ते पाहावयाचे असल्यास मुख्य भूमीवर थांबणे आवश्यक ठरते.

प्रमुख स्थळे

वायव्य उतार : राजधानी कितो (उंची सुमारे २,८५० मीटर) येथून वायव्येस उतरणाऱ्या रस्त्यावर तांदायापा खोरे आणि मिंदो हे गाव आहे. सुमारे १,२५० मीटर उंचीवरील मिंदो कितोपासून रस्त्याने साधारण दोन तासांवर आहे. १९९७ मध्ये बर्डलाइफ इंटरनॅशनल या संस्थेने मिंदो परिसराला पक्ष्यांसाठी महत्त्वाचे क्षेत्र म्हणून मान्यता दिली. असे दक्षिण अमेरिकेतील ते पहिले क्षेत्र मानले जाते. या पट्ट्यातील बागांमध्ये आणि बेयाविस्ता, मिल्पे यांसारख्या राखीव वनांत बूटेड रॅकेट-टेल, व्हेल्वेट-पर्पल कोरोनेट, व्हाइट-नेक्ड जॅकोबिन, पर्पल-थ्रोटेड वुडस्टार इत्यादी जाती फीडरवर येतात. बूटेड रॅकेट-टेलच्या पायांवर शुभ्र पिसांचे गोंडे असतात आणि नराच्या शेपटीच्या टोकांना दोन चकत्या असतात. वुडस्टारची उडण्याची ढब भुंग्यासारखी असून नवख्या निरीक्षकाला तो प्रथम कीटकच वाटतो.

पिचिंचा ज्वालामुखी : कितोलगतच्या या पर्वताच्या उतारावर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर यानाकोचा राखीव वन आहे. होकोतोको या संस्थेने २००१ मध्ये ते ब्लॅक-ब्रेस्टेड पफलेग (एरिओक्नेमिस नायग्रिवेस्टिस) या अत्यंत दुर्मीळ हमिंगबर्डच्या रक्षणासाठी स्थापन केले. कोळसा पाडण्यासाठी व चराईसाठी झालेल्या जंगलतोडीमुळे या पक्ष्याचा अधिवास आक्रसला. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे शंभराहून अधिक नमुने आहेत, पण जंगलात तो पाहायला मिळणे हा दुर्मीळ योग मानला जातो. कितो शहराने त्याला आपला प्रतीक-पक्षी म्हणून स्वीकारले आहे. पायांवरील पांढऱ्या पिसांच्या झुबक्यांमुळे स्थानिक स्पॅनिशमध्ये त्याला 'सामार्रितो' म्हणतात. 'सामार्रो' म्हणजे अँडीजमधील घोडेस्वार पायांवर चढवतात तो केसाळ चामड्याचा पेहराव. यानाकोचातील जवळजवळ सपाट पायवाटेवर सोर्ड-बिल्ड हमिंगबर्ड आणि ग्रेट सफायरविंग या जाती तुलनेने सहज दिसतात.

पूर्व उतार : कितोच्या पूर्वेस पापायाक्ताची खिंड ओलांडल्यावर रस्ता ॲमेझॉनच्या दिशेने उतरू लागतो. या मार्गावर ग्वांगो (सुमारे २,७०० मीटर), सान इसिद्रो (सुमारे २,००० मीटर) आणि सुमाको ज्वालामुखीच्या पायथ्यालगतचे वाइल्डसुमाको (सुमारे १,४०० मीटर) ही निवासासह निरीक्षणाची स्थळे आहेत. टूर्मलीन सनएंजल, चेस्टनट-ब्रेस्टेड कोरोनेट, कॉलर्ड इंका या येथील परिचित जाती होत. पश्चिम उतारावरील स्थळांना भेट दिल्यानंतर या बाजूस आल्यास जातींची यादी जवळजवळ नव्याने सुरू होते.

पारामो : वृक्षरेषेच्या वर, बर्फाच्छादित शिखरांच्या खाली पसरलेल्या थंड गवताळ प्रदेशास पारामो म्हणतात. आंतिसाना, कोतोपाक्सी व चिंबोराझो यांच्या उतारांवर इक्वेडोरियन हिलस्टार (ओरिओट्रोकिलस चिंबोराझो) राहतो. चुकिरागुआ या काटेरी झुडपाची नारिंगी फुले हे त्याचे मुख्य अन्न होय. विरळ हवेत तरंगण्याची शक्ती वाचवण्यासाठी तो पुष्कळदा फुलावरच बसून मध पितो. आंतिसानाच्या वाटेवर सुमारे २० सेंटीमीटर लांबीचा जायंट हमिंगबर्डही पाहण्यास मिळतो. त्याच्या पंखांची गती इतकी संथ असते, की साध्या डोळ्यांनाही तिचा अंदाज येतो.

दक्षिण इक्वेडोर : क्वेंका शहराजवळील काहास राष्ट्रीय उद्यानात व्हायोलेट-थ्रोटेड मेटलटेल ही केवळ इक्वेडोरमध्ये आढळणारी जात आहे. पोदोकार्पुस राष्ट्रीय उद्यानाचा परिसर, तापिचालाका आणि बुएनाव्हेंतुरा ही राखीव वने दक्षिणेतील अन्य महत्त्वाची स्थळे आहेत.

निरीक्षण

हमिंगबर्डचा चयापचय पृष्ठवंशी प्राण्यांमध्ये अतिशय वेगवान मानला जातो. मोठ्या जातींचे पंख सेकंदाला १० ते १५ वेळा, तर लहान जातींचे ८० वेळांपर्यंत हलतात. तरंगताना पंखांचे टोक आडव्या इंग्रजी आठच्या आकड्यासारखी रेषा काढते. शरीर तोलून धरणारे सुमारे तीन चतुर्थांश बल पंखांच्या खालच्या फटक्यातून आणि उरलेले वरच्या फटक्यातून मिळते. एवढी ऊर्जा भागवण्यासाठी पक्ष्याला दिवसभर थोड्या थोड्या वेळाने मध प्यावा लागतो. प्रथिनांसाठी तो लहान कीटक व कोळी पकडतो.

थंड रात्री अनेक जाती टॉर्पर नावाच्या निष्क्रियावस्थेत जातात. पेरूच्या अँडीजमध्ये झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्लॅक मेटलटेल जातीच्या पक्ष्याच्या शरीराचे तापमान रात्री ३.२६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद झाली. पहाटे शरीर पुन्हा तापवण्यात साठवलेली शक्ती खर्ची पडते. त्यामुळे सकाळची पहिली वेळ आणि सायंकाळी अंधार पडण्यापूर्वीची वेळ या पक्ष्यांच्या दृष्टीने सर्वांत निकडीची असते. याच वेळी फुलांवर व फीडरवर त्यांची सर्वाधिक गर्दी दिसते, आणि याच वेळी त्यांना हुसकावणे सर्वांत घातक ठरू शकते.

फीडरवर पक्ष्यांची हालचाल इतकी वेगवान असते, की प्रथमच पाहणाऱ्याचा गोंधळ उडतो. अनुभवी मार्गदर्शक सुरुवातीस दुर्बीण बाजूला ठेवून एकाच फीडरकडे पाहण्यास सांगतात. पक्ष्याचा आकार, चोचीची लांबी व बाक, शेपटीचा आकार आणि डोळ्यामागील पांढरा ठिपका किंवा रेघ यांवरून जात ओळखणे रंगापेक्षा अधिक भरवशाचे असते. स्वभावही ओळखीस साहाय्यक ठरतो : कोरोनेट जातीचे पक्षी बसल्यावर क्षणभर पंख उभारून धरतात, तर अनेक जातींचे नर एका फांदीवर ठाण मांडून इतरांना पिटाळून लावतात. हर्मिट गटातील पक्षी मात्र फीडरपेक्षा जंगलाच्या तळाशी असलेल्या हेलिकोनियाच्या फुलांवर, ठरावीक वाटेने फेऱ्या मारताना आढळतात. फीडरपुरतेच थांबणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीस असे पक्षी सहसा पडत नाहीत.

छायाचित्रण

रंग व प्रकाश : हमिंगबर्डच्या गळ्यावरील व मस्तकावरील झळाळी ही रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेची किमया आहे. पिसांतील चपट्या मेलॅनोसोम कणांचे थर ठरावीक कोनातून आलेला प्रकाश परावर्तित करतात. त्यामुळे एकाच पक्ष्याचा गळा एका क्षणी काळा व दुसऱ्या क्षणी माणकासारखा तेजस्वी दिसतो. छायाचित्रकाराने प्रकाश पाठीशी घेऊन, पक्षी कॅमेऱ्याकडे तोंड करील अशी जागा निवडणे हिताचे असते. कडक उन्हापेक्षा मेघवनातील पातळ ढगांआडून येणारा मवाळ प्रकाश पिसांचे बारकावे अधिक चांगले दाखवतो.

नैसर्गिक प्रकाशातील छायाचित्रण : बसलेल्या पक्ष्यासाठी सेकंदाच्या २५० व्या भागाची शटरगती सहसा पुरते. तरंगणाऱ्या पक्ष्याचे पंख स्पष्ट येण्यासाठी २,००० ते ४,००० व्या भागापर्यंत जावे लागते आणि तरीही पंखांची टोके काहीशी धूसर राहतात. मेघवनात प्रकाश कमी असल्याने त्यासाठी आयएसओ बराच वाढवावा लागतो. साधारण ३०० ते ५०० मिलिमीटरच्या लेन्स वापरल्या जातात. मात्र लेन्सचे किमान अंतर कमी असणे आवश्यक असते, कारण पक्षी पुष्कळदा दोन-तीन मीटरवर येतो. थेट फीडरवर नेम धरण्याऐवजी त्याच्या जवळच्या डहाळीवर किंवा फुलावर लक्ष ठेवल्यास प्लास्टिकविरहित, स्वाभाविक चित्र मिळते. पंखांची धूसरता हा दोष न मानता गतीची खूण म्हणून ती मुद्दाम राखणारे छायाचित्रकारही आहेत.

अनेक फ्लॅशची पद्धत : या पद्धतीत एका फुलाभोवती चार ते सहा फ्लॅश कमी शक्तीवर (एकूण शक्तीच्या सोळाव्या किंवा बत्तिसाव्या भागावर) लावले जातात. फ्लॅशची शक्ती जितकी कमी, तितका त्याचा प्रकाशकाल अल्प असतो. तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी होऊ शकतो. शटरगती सेकंदाच्या सुमारे २०० व्या भागावर आणि अ‍ॅपर्चर लहान ठेवून भोवतालचा प्रकाश जवळजवळ वगळला जातो. त्यामुळे पंख शटरमुळे नव्हे, तर फ्लॅशमुळे स्थिर दिसतात. मागे रंगीत किंवा छापील पडदा उभा केला जातो आणि फुलात पिचकारीने साखरपाणी सोडले जाते. इतर फीडर तात्पुरते काढून घेतल्याने पक्षी त्याच फुलाकडे येतो. अशी छायाचित्रे नेत्रदीपक असली, तरी त्यांतील फूल, पार्श्वभूमी व प्रकाश रचलेले असतात. पक्षी व फूल यांचा निसर्गातील संबंध त्यांवरून ठरवता येत नाही. म्हणून अशा चित्रासोबत त्याची पद्धत नमूद करण्याचा आग्रह धरला जातो.

साधी साधने : मोबाइल फोनमधील मंदगती चित्रीकरण (सेकंदाला १२० किंवा २४० चित्रचौकटी) तरंगण्याची क्रिया समजून घेण्यास उपयुक्त ठरते. फीडरजवळ फोन स्थिर ठेवून बाजूला बसल्यास पक्षी लवकर निर्धास्त होतात. मेघवनातील दमट हवेत लेन्सवर बुरशी येण्याचा धोका असल्याने रात्री साहित्य सिलिका जेलसह हवाबंद पिशवीत ठेवतात. थंड खोलीतून दमट बागेत आल्यावर लेन्सवरील वाफ निघून जाईपर्यंत काही मिनिटे वाट पाहावी लागते.

नीती व आक्षेप

फीडरमधील द्रावण एक भाग पांढरी साखर व चार भाग पाणी या प्रमाणात करावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. मध वापरल्यास द्रावण लवकर आंबते व त्यात बुरशी वाढते. खाण्याच्या लाल रंगाची आवश्यकता नसते. उष्ण हवेत दर दोन-तीन दिवसांनी, किंवा त्याहूनही लवकर, फीडर रिकामे करून धुणे आवश्यक असते. अस्वच्छ फीडरमुळे एका पक्ष्याचा रोग अनेकांपर्यंत पोहोचू शकतो.

फीडरमुळे पक्षी रानफुलांकडे दुर्लक्ष करतात आणि वनस्पतींच्या परागीभवनास बाधा येते, असा आक्षेप घेतला जातो. निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. स्थळ, ऋतू व वनस्पती यांनुसार परिणाम बदलतो. म्हणून काही राखीव वनांत फीडरची संख्या मर्यादित ठेवून भोवती स्थानिक फुलझाडे लावली जातात.

फ्लॅशच्या वापराविषयीही मतभेद आहेत. कमी शक्तीच्या फ्लॅशला पक्षी सरावतात, असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात. फीडर काढून पक्ष्यांना एकाच फुलावर येण्यास भाग पाडणे ही मुळात अधिक गंभीर बाब आहे, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. थंड, उंच ठिकाणी पहाटे किंवा दिवस मावळताना असे करणे पक्ष्याच्या ऊर्जेच्या गणिताला धक्का लावणारे असल्याने ते टाळण्याचा संकेत आहे.

घरट्याजवळील छायाचित्रण सर्वांत आक्षेपार्ह मानले जाते. हमिंगबर्डमध्ये अंडी उबवणे व पिलांना भरवणे ही कामे मादी एकटीच करते. ती बराच वेळ दूर राहिल्यास अंडी वा पिले गारठतात, आणि घरट्यावरील आडोशाची पाने चित्रासाठी बाजूला केल्यास ऊन, पाऊस व भक्षक यांपासून संरक्षण उरत नाही. दुर्मीळ जातींच्या घरट्यांचे नेमके स्थान समाजमाध्यमांवर जाहीर न करणे हाही या क्षेत्रातील सर्वमान्य नियम आहे.

स्थानिक अर्थकारण व संवर्धन

वायव्य उतारावरील अनेक कुटुंबे पूर्वी दुग्धव्यवसाय, ऊसलागवड व लाकूडतोड यांवर अवलंबून होती. पक्षीनिरीक्षकांची ये-जा वाढल्यावर काहींनी आपल्या कुरणांच्या कडेला फुलझाडे लावली, फीडर टांगले आणि प्रवेशशुल्क आकारून बागा खुल्या केल्या. मार्गदर्शक, वाहनचालक, स्वयंपाकी व खानावळचालक यांनाही या पर्यटनातून काम मिळते. मात्र हे उत्पन्न परदेशी प्रवाशांवर विसंबून असते. २०२० मध्ये कोविडच्या साथीत प्रवास थांबला, तेव्हा ही मर्यादा स्पष्ट झाली.

या प्रदेशासमोर मोठ्या प्रकल्पांचेही आव्हान राहिले आहे. २००० च्या दशकाच्या प्रारंभी जड खनिज तेलाची वाहिनी मिंदोच्या वनातून नेण्यास स्थानिक रहिवासी व पर्यावरणवादी कार्यकर्त्यांनी विरोध केला. तरीही वाहिनी पूर्ण झाली. इक्वेडोरच्या २००८ च्या राज्यघटनेने निसर्गाला हक्क असल्याचे मान्य केले. या तरतुदीच्या आधारे देशाच्या घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये वायव्येकडील लोस सेद्रोस संरक्षित वनातील खाणकाम रोखले. २०१८ मध्ये युनेस्कोने चोको आंदिनो या प्रदेशास जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. २० ऑगस्ट २०२३ रोजी झालेल्या सार्वमतात कितो महानगर जिल्ह्यातील मतदारांनी त्यांच्या हद्दीतील चोको आंदिनो भागात धातूंच्या खाणकामावर बंदी घालण्याच्या बाजूने मोठ्या बहुमताने कौल दिला.

छायाचित्रांचा वैज्ञानिक उपयोग

प्रवाशांनी काढलेली छायाचित्रे केवळ स्मरणचित्रे राहत नाहीत. कॉर्नेल पक्षीविज्ञान प्रयोगशाळेच्या ई-बर्ड या उपक्रमात, तसेच आय-नॅचरलिस्ट या संकेतस्थळावर दिनांक व स्थळासह नोंदवलेली चित्रे जातींचा विस्तार, उंचीनुसार होणारे स्थलांतर आणि फुलण्याचा हंगाम यांच्या अभ्यासासाठी उपयोगात येतात. त्यासाठी चित्र सुंदर असण्यापेक्षा त्याची नोंद अचूक असणे महत्त्वाचे असते. पक्षी फीडरवर होता की रानफुलावर, हेही नमूद केल्यास नोंदीचे मोल वाढते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण इक्वेडोरमधील आहे. २०१७ मध्ये पक्षीअभ्यासक फ्रान्सिस्को सोर्नोझा यांना लोखा व एल ओरो प्रांतांच्या सीमेवरील सेरो दे आर्कोस या पर्वतीय भागात एक अनोळखी हिलस्टार दिसला व त्यांनी त्याचे छायाचित्र काढले. ते ज्ञात जातींशी जुळत नसल्याने अभ्यासकांनी तेथे पुन्हा जाऊन शोध घेतला. २०१८ मध्ये ब्लू-थ्रोटेड हिलस्टार (ओरिओट्रोकिलस सायनोलीमस) या नावाने नवी जात जाहीर झाली. नराचा गळा गडद निळा असून तो चुकिरागुआच्या फुलांवर येतो. या जातीचा ज्ञात अधिवास सुमारे शंभर चौरस किलोमीटर एवढाच असून पक्ष्यांची संख्या ७५० हून अधिक नसावी, असा अंदाज शोधकांनी व्यक्त केला. गवताळ प्रदेशातील वणवे, चराई आणि सोन्याच्या खाणकामाची शक्यता हे तिच्यासमोरील मुख्य धोके आहेत. जात जाहीर झाली तेव्हाच ती अतिसंकटग्रस्त मानावी, असे तिच्या शोधकांनी सुचवले होते. पुढे होकोतोको संस्थेने सेरो दे आर्कोस येथे राखीव क्षेत्र निर्माण केले असून पक्षीनिरीक्षक तेथे मार्गदर्शकासोबत जातात.

प्रवासविषयक माहिती

हमिंगबर्ड वर्षभर दिसतात. वायव्य उतारावर जून ते सप्टेंबर हा काळ तुलनेने कोरडा असतो. पूर्व उतारावर पावसाची शक्यता कोणत्याही महिन्यात असते. कितोची उंची लक्षात घेता, पहिले एक-दोन दिवस १,२०० ते २,००० मीटर उंचीवरील स्थळी घालवून नंतर यानाकोचा व पारामोकडे जाणे, विरळ हवेचा त्रास टाळण्यास उपयुक्त ठरते. पारामोत हवामान तासाभरात बदलत असल्याने गरम व पावसाळी कपडे आवश्यक असतात. देशाचे अधिकृत चलन २००० पासून अमेरिकी डॉलर हे आहे. खासगी बागांमध्ये सुट्ट्या रोख रकमेची गरज भासते. अनेक फ्लॅशसह छायाचित्रण करावयाचे असल्यास बहुतेक ठिकाणी पूर्वपरवानगी घ्यावी लागते व त्यासाठी वेगळे शुल्क असू शकते. बागेत शिरताना फिकट किंवा मातकट रंगाचे कपडे, सावकाश हालचाल व शांतता यांचे पालन अपेक्षित असते. लाल रंगाच्या टोपीकडे मात्र हे पक्षी फूल समजून स्वतःहून येत असल्याचा अनुभव अनेक निरीक्षकांनी घेतला आहे.